त्या दिवशी बारी शेषेरावची होती

लातूर,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. फोन उचलला असतास तर हा नमस्कार तोंडीच झाला असता. बुधवारपासून तुझा फोन बंद आहे. शेवटी 'सांगावा'च्या गठ्ठ्यांची गाडी मुखेडला निघताना तुझ्या गठ्ठ्यात हे पत्र खोचतोय. तू एकवेळ देव चुकवशील, पण पहाटे स्टँडवर पेपर मोजून घ्यायचं चुकवणार नाहीस. अप्पा म्हणाले, "तुझी आत्या रुसली असंल." मी म्हटलं, तुमच्या बहिणीची आता रुसायची नाही, मिरवायची वेळ आहे.

तुला कळलं नसेल म्हणून सांगतो. सोमवारी चिंचतळीच्या शाळेतली पोरं उलट्या करून दवाखान्यात गेली, ती बातमी तू पाठवलीस. तिचा मी व्हिडिओ केला आणि तो असा पळाला की बस! आपल्या पेपरचं मोबाईलवरचं चॅनेल सुरू झाल्यापासून एवढी माणसं कधी फिरकली नव्हती. संपादकसाहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझी पाठ थोपटली. मथळा माझाच होता. 'खिचडीतून विषबाधा! हीच ती स्वयंपाकीण!' तिचा फोटो आपल्या जुन्या फोटोंत सापडला. त्याच्याभोवती लाल गोल फिरवला, मागे ढॅण ढॅण संगीत टाकलं. तू म्हणशील तमाशा. पण आत्या, लोकांना तमाशाच बघायचाय, त्याला मी काय करू?

खरी आनंदाची गोष्ट पुढे आहे. तालुक्यांची पानं बंद करायचं मालकांच्या मनात कधीपासून घोळतंय. कागद महागला, जाहिराती आटल्या. पण एवढी मोठी बातमी मुखेडातून आल्यावर तुझ्या पानाला हात लावायची आता कुणाची छाती नाही. मी ऑफिसात छाती फुगवून सांगतो, ज्या बाईने मला बातमी लिहायला शिकवलं तिची ही बातमी आहे.

आता एकच काम कर. पुन्हा एकदा चिंचतळीला जा. आयांच्या तोंडून दोन शब्द घे, डोळ्यांत पाणी असेल तर उत्तम. त्या बाईचं घर, बंद दार, असं काहीतरी मोबाईलवर टिपून पाठव. लोखंड तापलेलं आहे.

फोन चालू कर गं.

तुझा
सोमेश


मुखेड,
५ ऑगस्ट २०२५

चि. सोमूस,

आशीर्वाद आहेत, ते रागातसुद्धा असतातच. फोन बिघडला नाही, मी बंद केलाय. पत्राला पत्रानेच उत्तर देते. मोबाईलवर काही लिहिलं की त्याचा फोटो काढून लोक गावभर फिरवतात, आणि आता मी लिहिणार आहे ते गावभर फिरायच्या आधी तुला कळायला हवं.

तू ज्या बातमीसाठी छाती फुगवतोयस, त्या बातमीच्या गावाला मी गेलेच नव्हते.

आमची रीत तुला अर्धीमुर्धी माहीत आहे, आज पुरती ऐक. तालुक्यात आम्ही पाच पेपरचे पाच वार्ताहर. पगार एकालाही नाही. पेपर वाटायचे आम्ही, जाहिराती आणायच्या आम्ही, त्यातून जे सुटेल त्यात पेट्रोल घालून बातमीलाही आम्हीच जायचं. म्हणून आम्ही बारी लावून घेतली आहे. ज्याची बारी तो घटनेच्या जागी जातो, लिहून ग्रुपवर टाकतो, बाकीचे चौघं पहिलं वाक्य इकडचं तिकडे करून आपापल्या पेपरला धाडतात. वाचणाऱ्याला वाटतं पाच माणसं जाऊन आली. त्या दिवशी बारी शेषेरावची होती. आणि शेषेराव भाचीच्या साखरपुड्याला उमरीला गेलेला. त्याने तिथूनच दवाखान्यातल्या कुणाला तरी फोन लावला आणि पंगत बसायच्या आत बातमी टाकून दिली. पाच पेपरांत छापून आलेल्या बातमीसाठी चिंचतळीला कुणीच गेलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तरी शेषेरावने 'खिचडीतून विषबाधा झाल्याचा संशय' असं लिहिलं होतं. तो 'संशय' मी ठेवला होता. तुझ्याकडे तो कुठे गेला?

आणि तो फोटो. बाळा, तो मी काढलेला. गेल्या वर्षी 'चिंचतळीच्या खिचडीला घरची चव' अशी बातमी केली होती, तेव्हाचा. गौरम्मा त्यात हसतेय. तुझ्या लाल गोलात ते हसणं बघून मी फोन बंद केला आणि गुरुवारी एसटी धरून चिंचतळी गाठली.

सोमवार श्रावणाचा, म्हणून शाळा अर्धी होती. खिचडी खाऊन पोरं सुटली आणि शाळेमागच्या कुंपणाला चंद्रज्योत आहे तिथे जमली. त्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि पोटात गेल्या की उलट्या. हे मला शिपाई हळूच बोलला. मी म्हटलं, पुरावा काय? तर दवाखान्यात नेलेल्या पोरांत सृष्टी नावाची एक मुलगी आहे, तिला सोमवार होता. तिने खिचडीला हातच लावला नव्हता. पोर स्वतः म्हणाली, "उपास व्हता मला. बिया खाल्ल्या तर उपास मोडतो हे मला कुठं माहीत?" पोरं सगळी आता धडधाकट आहेत, तेवढं महादेवाचं देणं.

गौरम्माचं काम थांबवलंय. पण ती त्याचं रडत नाही. तिची एकुलती लेक अक्षरा औशाला दिली आहे. पहिलटकरीण, सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी तुला सांगायचं? पंचमीला आणायचं ठरलं होतं, खोली सारवून ठेवलेली मी डोळ्यांनी बघितली. काल पुन्हा गेले तर औशाचा निरोप आलेला. तिकडच्या भावकीत तुझा व्हिडिओ फिरतोय. "पोरायला विष घालनाऱ्या हाताचं आमची सून खानार न्हाई," असं सासूने कळवलंय. लेकीला धाडणार नाहीत.

तो व्हिडिओ काढ, सोमू. आणि खुलासा छाप.

तुझी
मंजुआत्या


लातूर,
८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं. दुपारी डबा उघडला नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून तू म्हणशील, पोरगं कोडगं झालं.

'संशय' मी काढला. का काढला ते सांगतो. 'संशय' लिहिला की लोक बोट पुढे सरकवतात. आमच्या समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर दिवसभर आकडे धावतात, कुणाचा व्हिडिओ वर, कुणाचा खाली. त्या पडद्यावर नावच नसलेल्या कुलकर्णीकाकांची खुर्ची गेल्या महिन्यात रिकामी झाली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या, त्याचं काम आता एक मशीन करतं, आणि मशीनला चिंचतळी कुठे आहे ते माहीत नसतं. ते मला विचारतही नाही. मी दिवसाला इतके व्हिडिओ करतो की संध्याकाळी सकाळचा आठवत नाही. तुझी बातमी आली तेव्हा मी एवढंच बघितलं की आत्याची आहे. आत्याची म्हणजे बघायचं काम नाही, ती जाऊन आली असणार.

संपादकांना मी सांगितलं. ते म्हणाले, "नमुना तपासायला गेलाय ना? अहवाल येऊ दे." मी उपासाचं सांगितलं तर हसले. "उपास हा काय पुरावा आहे?" त्यांना वाटतं गावात कुणीतरी आत्याचे कान भरलेत. खूप मिनतवारी केल्यावर मुखेडच्या पानावर चार ओळींचा खुलासा द्यायला तयार झालेत, रविवारी येईल. व्हिडिओचं मात्र नाव काढू देत नाहीत. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीच्या जाहिराती त्या आकड्यांवर फिरताहेत. तुझ्याकडूनही मुखेडच्या शुभेच्छांच्या जाहिराती अजून आल्या नाहीत, ही आठवण मी साहेबांच्या सांगण्यावरून करतोय. लिहिताना लाज वाटली.

पंधरा ऑगस्ट होऊ दे, आत्या. मग बघतो. तोवर बाईंना धीर दे.

सोमेश


मुखेड,
११ ऑगस्ट २०२५

चि. सोमू,

तुला कोडगा म्हणणार नाही. तुझा पडदा आणि माझी बारी, दोघांनी मिळून एका बाईचं वाटोळं केलं, त्यात कुणी कुणाला काय म्हणायचं?

खुलासा आला. आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली, मुंगीच्या अक्षरात. तोच पेपर घेऊन काल गौरम्माकडे गेले. तिने मला आत बोलावलं नाही, पण हाकललंही नाही. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"मंजुबाई, तुमी फोटू काढला तवा म्हनलात, जरा हसा. म्हून मी हसले. आता लोक म्हनतेत, लेकरायला विष घालून कशी हसून राहिली बघा."

मला रडू आवरलं नाही. तिच्या ओट्यावर बसून मी रडले आणि तीच म्हणाली, "पानी देऊ का?" मग स्वतःच थांबली. माझ्या हातचं पाणी ही पिईल का, असं तिच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. मी मागून घेतलं, दोन पेले प्यायले. ज्या बाईने आयुष्यभर शाळाभर पोरांना वाढलं तिला पाणी विचारायची चोरी झाली आहे.

सृष्टीच्या बापाकडेही गेले. तो बोलायला तयार नाही. दवाखान्याच्या दारात त्यानेच कुणाच्यातरी मोबाईलसमोर 'खिचडीनंच झालं' असं ठणकावून सांगितलेलं. आता जीभ कशी फिरवू, म्हणतो. शेषेरावला धरलं तर तो म्हणतो, "बाई, पाची पेपरला आलंय, मग खोटं कसं म्हनायचं?" अरे बाबा, पाची पेपरला तूच होतास ना! त्याला ते खरंच सुचलं नव्हतं. डोकं खाजवत बसला.

अक्षराचा नवरा चांगला पोरगा आहे म्हणे, पण आईपुढे बोलत नाही. ती पोर रोज चोरून आईला फोन करते आणि दोघी नुसत्या फोन कानाला लावून बसतात.

मी तुला लहानपणापासून कधी हुकूम केला नाही, लाडच केले. आज करते. पंधरा ऑगस्ट मला सांगू नकोस. व्हिडिओ काढ.

आत्या


लातूर,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

व्हिडिओ काढला. आपल्या चॅनेलवर आता तो नाही.

पण खरं तेच सांगतो. तोपर्यंत तो कितीतरी जणांनी उतरवून घेतला होता. कुणी त्यावर स्वतःचं नाव टाकलंय, कुणी नुसता फोटो आणि लाल गोल ठेवलाय. ते माझ्या हातात नाही. मूळ गेलं एवढंच.

मी थोडे दिवस रजेवर आहे. जाहिरातींसाठी आता दुसऱ्या कुणाचा फोन येईल. तुला द्यायच्या असतील तर दे.

गौरम्मांच्या लेकीचं औशातलं घर कुठे आहे, नाव-पत्ता कळव.

सोमेश


मुखेड,
१७ ऑगस्ट २०२५

चि. सोमेश,

रजा? तू रजेवर गेलास? इथे एका बाईची लेक अडकून पडली आहे आणि तू व्हिडिओ काढल्याचं पुण्य पदरात बांधून आराम करतोयस! माझ्या भावाचा मुलगा म्हणून सांगते, आगीतून पळ काढणं आपल्या घरात कुणाला जमलं नाही, तुला बरं जमलं. पत्ता कशाला हवाय? आता तिच्या दारात कॅमेरा घेऊन उभा राहणार आहेस? 'सासूने सुनेला अडवलं' म्हणून दुसरा मथळा शोधलास की काय?

एवढं लिहून ठेवून पहाटे स्टँडवर गेले. गठ्ठे उतरवताना गाडीवाला दगडोबा म्हणाला, "ताई, सोमेशभाऊचं लई वाईट झालं." मी म्हटलं, काय झालं? तर त्याने सगळं सांगितलं. साहेबांनी नको म्हटलेलं असताना तू सगळ्यांसमोर तो व्हिडिओ पुसलास, आणि साहेबांनी तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. दगडोबा तेव्हा गठ्ठे बांधत होता.

वरचं खोडत नाही. तुझ्या आत्याने काय विचार केला ते तुला कळू दे. पण माझ्या राजा, रजा म्हणून का लिहिलंस? आत्याला वाईट वाटेल म्हणून? वाटलं. दिवसभर माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना पेनांच्या जागी पेन्सिली देत होते.

घर औशाच्या बाजाराच्या मागल्या गल्लीत आहे, सासूचं नाव बसम्मा, किराणा दुकान आहे, कुणीही दाखवेल. पण बाई तोंडाची तिखट आहे असं ऐकते. कपडे नीट घालून जा आणि काही खाऊन जा.

तुझी
आत्या


लातूर,
२० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुझ्या शिव्या आधी वाचल्या, मग पुढचं वाचलं. शिव्या जास्त आवडल्या.

काल औशाला जाऊन आलो. अप्पाही सोबत निघाले. म्हणाले, "सासूपुढं एकटा जाऊ नको, म्हातारं मानूस संगं असावं." बसम्मा दुकानात गुळाची ढेप फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तो व्हिडिओ मी केलाय, तो खोटा होता आणि मी माफी मागायला आलोय. त्यांनी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली नाही. अप्पा दोन पावलं मागे सरकले.

मग मी सृष्टीच्या उपासाचं सांगितलं. संपादक ज्याला हसले होते त्यावर या बाईंनी लगेच मान हलवली. म्हणाल्या, "श्रावण सोमवार धरलेली पोर खिचडीला कशाला शिवंल? आन् शिवली न्हाई तर तिला कशानं झालं?" एका वाक्यात समजलं त्यांना. मला वाटलं, झालं काम.

पण त्या म्हणाल्या, "मला पटलं. माझ्या दिरायला, जावांयला कोन पटवून देनार? त्यायनी मला पेपर दाखविला. एक न्हाई, पाच. तुमी काय दाखविता?" मी तुझ्या पानावरचा खुलासा काढून दिला. त्यांनी पेपर उलटून वरचं नाव वाचलं. "हे मुखेडचं. आमच्याकडं लातूरचं पान येतंय. त्यात कुठाय?"

आत्या, इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आरोप सगळ्या पानांवर गेला आणि खुलासा एकाच तालुक्यापुरता.

निघताना त्या म्हणाल्या, "माझी बी लेक हाय सासरी. मला काय दगडाचं काळीज न्हाई. पन उद्या सुनंला कमीजास्त झालं तर समदे मलाच खातील, समदं पेपरला आलं असून बी धाडली म्हनतील. पेपरला खरं येऊ द्या, मी सोता आनून सोडते." आतल्या दाराशी अक्षरा उभी होती. चहा तिनेच दिला. मला तिच्याकडे बघवलं नाही.

आता माझ्याकडे पेपर नाही. पाच पेपरांच्या दारात मला कोण उभं करणार? तुझ्याकडे काही उपाय असेल तर कर. माझं पुढे काय, ते ठरलं नाही. अप्पा म्हणतात, आपल्या दुकानात बस. सध्या बसतोय.

सोमेश


मुखेड,
४ सप्टेंबर २०२५

माझ्या सोमूस,

पोटभर आशीर्वाद. पत्र उशिरा, आणि पोस्टाने येतंय, कारण गठ्ठ्यांची गाडी आता मुखेडला येत नाही. 'सांगावा'ने एक तारखेपासून आमचं पान बंद केलं. दगडोबा शेवटच्या दिवशी माझ्या पाया पडला. मी त्याला म्हटलं, पान गेलंय, मी नाही.

आता कामाचं सांगते. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात शाळेतल्या खिचडीचा अहवाल आला. त्यात काहीही निघालं नाही. त्या बातमीला बारी माझी होती. नेहमीप्रमाणे सगळे ग्रुपवर वाट बघत बसले. मी एकच ओळ टाकली. 'चिंचतळीची बातमी ग्रुपवर मिळणार नाही. चिंचतळीत मिळेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे आहे.'

काय बोलणी खाल्ली म्हणतोस! एकाने लिहिलं, पेट्रोल तुम्ही देता का? दुसऱ्याने लिहिलं, बाई आता म्हाताऱ्या झाल्या. सकाळी एसटीतून उतरले तर फाट्यावर शेषेराव. पहिला. गाडी झाडाला टेकवून उभा. म्हणाला, "त्या दिशी यायचं व्हतं मला. आज आलो." मग एकेक करून बाकीचेही आले, तोंडं वाकडी करत का होईना.

आम्ही शाळेमागे गेलो. चंद्रज्योतीचं कुंपण बघितलं. शिपाई बोलला. सृष्टीचा बाप आधी दाराआड होता. शेषेराव त्याच्या अंगणात जाऊन सरळ म्हणाला, "दादा, मी बी चुकीचंच लिहिलंय. माझी जीभ फिरवून राहिलो मी, तुमी बी फिरवा." तेव्हा तो बाहेर आला आणि पाचही जणांसमोर बोलला. गौरम्माकडे गेलो तर तिने सगळ्यांना एकच सांगितलं, "लिवायचं ते लिवा. पर माझ्या लेकीच्या गावाला गेलं पायजे." प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहिलं. किती वर्षांनी, कुणास ठाऊक! माझंही मी लिहून पाठवलं, 'सांगावा'ने छापलं नाही. बाकी चौघांचं आलं. लातूरच्या पानावर यावं म्हणून शेषेराव त्याच्या ऑफिसशी फोनवर इतका भांडला की स्टँडवरची माणसं गोळा झाली. शेवटी लातूरच्या पानावरही आलं. ते चारही पेपर मी औशाला एसटीच्या कंडक्टरकडे धाडले.

व्हिडिओ अजून फिरतोच आहे, त्यातून तुझी-माझी सुटका नाही. परवा बाजारात एका बाईने मलाच दाखवला. मी तिला तिथेच थांबवून सगळं सांगितलं. आता हेच करत राहायचं. तुझी खुर्ची गेली त्याचं दुःख मला माझ्या पानापेक्षा जास्त आहे, आणि तुझा अभिमान त्याहून जास्त आहे. दुकानात बसून कंटाळलास की इकडे ये. दोघांना मिळून काय करता येईल ते बोलू.

आणि आता, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. महालक्ष्म्या उठल्या आणि काल बसम्मा गाडी करून अक्षराला घेऊन आल्या. गौरम्माने मलाही बोलावलं होतं. लेक उंबऱ्यात आली तेव्हा दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, तुकडा ओवाळायचाही राहून गेला. मग गौरम्माने ताटं वाढली. भाकरी, येसराची आमटी, तुपाची वाटी. विहीणबाईंना पाटावर बसवलं आणि स्वतः खांबाला धरून उभी राहिली. शेजारच्या बायका दारातून डोकावत होत्या. बसम्मांनी भाकरीचा तुकडा मोडला, येसरात बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला. मग गौरम्माकडे बघून विहिणीच्या ठसक्यात म्हणाल्या,

"मीठ जरा कमीच हाय तुमच्याकडं."

गौरम्मा हसली. "आनते," म्हणाली आणि मीठ आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. बसम्मा तोपर्यंत अळणी येसरावर भाकरी खात राहिल्या.

तुझी
आत्या